तोफेच्या नावाने आलेला निरोप

आमच्या लाँड्रीत तिला तोंडावर सगळे ताई म्हणायचे आणि पाठीमागे तोफ. आवाजच तसा. धुण्याची यंत्रं घरघरत असताना, वाफेच्या नळ्या फुसफुसत असताना ती या टोकाला बोलली, की त्या टोकाला ट्रॉली ढकलणारा दचकायचा. मी घड्या घालायच्या टेबलावर होते, तिच्या रोलरपासून चार हातांवर. माझे कान अजून शाबूत आहेत हेच नवल.

तिचा बाप वेल्डर होता. हाताला लागेल त्याने मारायचा. तो धाकटीवर उठला की ही मध्ये पडायची. एकदा अशीच मध्ये पडली आणि तिने बापाचा हात दातांत धरला, तो मांस तुटेपर्यंत सोडला नाही. "त्यानंतर त्याने आम्हा दोघींना कधी हात लावला नाही," ती सांगायची, "आईलाच मारायचा मग." नवऱ्याचंही तेच. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्याने तिच्या कानशिलात लगावली. तिने त्याची बोटं दाराच्या फटीत धरून दार लोटलं. तो दवाखान्यात गेला तो घरी परतलाच नाही. हे ती हसत सांगायची, आम्हीही हसायचो. सांगताना मात्र उजव्या कानावर केस ओढून घ्यायची. त्या कानाने तिला ऐकू येत नव्हतं. एवढं मोठ्याने बोलायची ती म्हणूनच असावी.

धाकटी तिची बहीण. तीही रोलरवरच. चादरीचं एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या. दोघींनी एकदम पुढे सरकवायची, तापलेले रोलर ती ओढून घेतात आणि पलीकडून कडक इस्त्री होऊन बाहेर येते. रोलरच्या तोंडाशी एक आडवा दांडा असतो. हात पुढे गेला तर आधी त्या दांड्याला लागतो आणि यंत्र जागच्या जागी थांबतं. पण त्याला चुकून धक्का लागला तरी यंत्र थांबायचं, काम खोळंबायचं. म्हणून मॅनेजरने मुकादमाला सांगितलं आणि मुकादमाने दांडा तारेने बांधून टाकला.

तार बांधल्यावर काही दिवसांतच धाकटीला बरं नव्हतं म्हणून तिच्या जागी एक नवी पोरगी उभी केली. चादरीची चुणी सरळ करायला तिने हात पुढे नेला. ती ओरडली ते आम्हाला ऐकू आलंच नाही, यंत्रांच्या आवाजात ते बुडालं. तोफेने मात्र बघितलं. लाल बटण दाबूनही रोलर लगेच थांबेनात. तिने भिंतीवरची आगीची कुऱ्हाड उपटली आणि रोलर फिरवणाऱ्या पट्ट्यावर घाव घातला, दुसरा घातला, पट्टा तुटला. हात बाहेर काढला तेव्हा कोपरापर्यंत चपटा झाला होता, कातडी रोलरलाच राहिली होती. भाजल्या मांसाचा वास सगळ्या हॉलभर पसरला. ती पोरगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून "आईला सांगू नका" एवढंच म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी नवा पट्टा आला. दांड्यावर तारही नवी आली. तोफेने मुकादमाच्या थोबाडीत मारली. त्याने तिच्या पोटात गुडघा घातला. ती फरशीवर बसली, श्वास जमेपर्यंत थांबली आणि तिथूनच म्हणाली, "आता तुला बघतेच."

संप ठरवायला फोनवर ग्रुप करायची कल्पना धाकटीच्या नवऱ्याची. तो लाँड्रीचाच ड्रायव्हर, धुतलेले कपडे पोचवायचा. अंगाने दणकट, बायकोवर जीव टाकणारा. तोफेसमोर मान वर करायचा नाही. त्याने सगळ्यांच्या फोनवर एक अॅप घालून दिलं. "यातले निरोप कुलूपबंद असतात," तो म्हणाला. "आपल्या फोनवर कुलूप लागतं, समोरच्याच्या फोनवर उघडतं. मधल्या मध्ये कोणाचा बाप वाचू शकत नाही. अॅप चालवणारी कंपनीसुद्धा नाही."

"मग त्यांना कसं कळतं मी कोण ते?" तोफेने विचारलं.

"ई-मेलवरून, ताई. तुम्ही पत्ता द्यायचा. त्यावर ते एक कोड पाठवतात. तो टाकला की झालं, तुम्ही तुम्हीच."

तोफेला पत्ता एकच होता, लाँड्रीने दिलेला. कोणाची शिफ्ट कधी ते त्यावर यायचं. जेवणाच्या खोलीबाहेर एक कॉम्प्युटर होता, त्यावर ती ते बघायची. बाकीच्यांपैकी बहुतेकांकडे आपापले पत्ते होते. तिने लाँड्रीचाच दिला, त्या कॉम्प्युटरवर जाऊन कोड बघून आली, फोनमध्ये टाकला. झाली ती ती. त्यात काही वावगं आहे असं कोणाच्याच मनात आलं नाही. अॅपमध्ये प्रत्येकाच्या नावाखाली आकड्यांची एक लांब माळ दिसते, सुरक्षा-खूण म्हणतात तिला, दोघांनी शेजारी बसून ती जुळवून बघावी असं तिथे लिहिलेलंही असतं. आम्ही रोज एकमेकींच्या डोळ्यांसमोर. आकडे कशाला जुळवतोय?

ठरलं ते असं. सकाळच्या पाळीला कोणी आत जायचं नाही, सगळ्यांनी पुढच्या फाटकावर बसायचं. दांडा सोडल्याशिवाय आणि त्या पोरीच्या हाताची जबाबदारी घेतल्याशिवाय चादर भिजणार नाही. हे गुपचूप करायचं होतं. पण तोफेच्या पोटात काही राहायचं नाही. आदल्या दिवशी मॅनेजरने तिला केबिनमध्ये बोलावलं आणि तिथे तिने सगळंच बाहेर काढलं. आम्हाला काचेतून दिसत होतं, ऐकू तर सगळ्या हॉलला येत होतं.

"उद्या फाटकावर बसतोय आम्ही! काय उपटायचं ते उपट!"

मॅनेजर काहीतरी बोलला.

"शोध कोण कोण आहे ते! आमचं सगळं कुलूपबंद अॅपवर चालतं. तुझ्या बापाला वाचता येणार नाही!"

आम्ही हसलो. धाकटीने कपाळावर हात मारला.

मॅनेजरने नंतर काय केलं ते पुढे कोर्टात कळलं, पण इथेच सांगते. त्याने ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. तो अबोल माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. लाँड्रीच्या सगळ्या ई-मेलच्या किल्ल्या त्याच्याकडे. त्याने तोफेची ई-मेलची पेटी उघडली, त्यात अॅपकडून आलेलं जुनं कोडचं पत्र होतं. अॅप कुठलं ते कळलं. मग त्याने एका कोऱ्या फोनवर ते अॅप घातलं, तोफेचा पत्ता टाकला, कोड मागवला. कोड पेटीत आला. त्याने तो टाकला. जुना एकही निरोप त्याला दिसला नाही, ते कुलूप खरोखर पक्कं होतं. पण त्या क्षणापासून तोफ म्हणजे मॅनेजरच्या टेबलावरचा तो फोन. तिच्या स्वतःच्या फोनवरचं खातं तिकडे बंद पडलं. तो फोन तेव्हा लॉकरमध्ये होता आणि ती रोलरवर.

संध्याकाळी लॉकर उघडले तेव्हा आमच्या सगळ्यांच्या फोनवर ग्रुपमध्ये एक बारीक करडी ओळ आली होती. तोफेची सुरक्षा-खूण बदलली आहे, पडताळून पाहा. खाली 'ठीक आहे' असं बटण. धाकटीने ते दाबलं. तोफेचा फोन जुना, काच फुटलेला, सारखा अडकायचा. "अॅप गेलं वाटतं माझं," ती म्हणाली आणि तो पिशवीत टाकला. सगळं तर ठरलेलंच होतं.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी घरून निघाली. आम्ही वाटेत असताना ग्रुपवर तिच्या नावाने निरोप आला. पुढच्या फाटकावर पोलीस बसवलेत. मागच्या बाजूने या, बॉयलरच्या गल्लीत जमा. मला फोन करू नका, फोन ऐकतायत.

बॉयलरची गल्ली म्हणजे दोन भिंतींमधला बोळ. एका बाजूला लाँड्रीची भिंत, दुसऱ्या बाजूला कोळशाच्या कोठाराची, टोकाला लोखंडी दार. आम्ही आत शिरलो आणि मागे ट्रक आडवा लागला. पुढचं दार उघडून मुकादम आणि त्याची माणसं आली. हातात नळ्या होत्या, वाफेच्या लाइनीच्या, जोडाला कडी असलेल्या. बोलून दम दिला असता तर निदान काय चाललंय ते कळलं असतं. त्यांनी सरळ मारायलाच घेतलं.

म्हातारा घडीवाला माझ्या पुढे होता. त्याने हात वर केले, त्या हातांवर नळी बसली, मग डोक्यावर. तो भिंतीला टेकून खाली घसरला, भिंतीवर लाल पट्टा उमटला. माझ्या दंडाचं हाड मोडलं ते मला ऐकू आलं, दुखलं नंतर. धाकटी कोणाला तरी उठवायला वाकली आणि मुकादमाने खालून वर नळी फिरवली. तिचा जबडा एका बाजूला गेला. चेहरा तिचा राहिलाच नाही. तिचा नवरा ट्रकच्या खालून सरपटत आत आला, त्याने तिला काखेत धरलं आणि पाठीवर मार खात ओढत ट्रकखालून पुन्हा बाहेर नेलं.

तोफ पुढच्या फाटकावर एकटीच बसली होती. तिथे ना पोलीस, ना आम्ही. सगळे घाबरले असं समजून ती मनातल्या मनात आम्हाला शिव्या घालत होती. चांगल्या कानाला ओरडा ऐकू आला तशी ती धावत सुटली. ती पोचली तेव्हा मुकादमाची माणसं आत निघून गेली होती आणि आम्ही पडलो होतो. ती उभी. अंगावर ओरखडा नाही.

म्हातारा तिथेच गेला.

इस्पितळात आमच्याच लाँड्रीच्या चादरी होत्या. धाकटीच्या जबड्यात तारा घालत होते आणि बाहेर बाकावर तिचा नवरा बसला होता. तोफ आली. तो उठला. कधी मान वर न करणारा माणूस, त्याने तिच्या डोळ्यांत बघितलं.

"कितीला विकलंस?"

"काय बोलतोस?"

"तू बोलावलंस तिकडे! तुझाच निरोप! आणि तू कुठे होतीस?"

त्याने मुठीने मारलं. ती भिंतीवर आदळली, दात सांडले. त्याने केस धरून तिला खाली पाडलं आणि लाथा घातल्या, छातीत, पोटात. आमच्यातले दोघे शेजारी उभे होते, त्यांनी त्याला अडवलं नाही. मीही नाही. आणि बापाचा हात फाडणाऱ्या, नवऱ्याची बोटं मोडणाऱ्या त्या बाईने एकदाही हात उगारला नाही. तोंडातलं रक्त गिळत ती एवढंच विचारत होती, "कुठला निरोप? दाखव मला. कुठला निरोप?"

शेवटी एका नर्सने वॉर्डबॉयला बोलावलं, त्याने ड्रायव्हरला ओढून काढलं.

पोलिसांनी कामगारांच्या दोन टोळ्यांची मारामारी म्हणून नोंद केली.

तोफ इस्पितळातून हलली नाही. धाकटी शुद्धीवर आली तेव्हा ती कॉटशी बसलेली, ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला. ड्रायव्हर दारात उभा. ती आत बसलेली बघून तो पुन्हा अंगावर धावणार होता, पण धाकटीने हात वर केला. बोलता येत नव्हतं. तिने फोन मागितला. निरोप उघडून बहिणीपुढे धरला. तोफेने तो वाचला आणि आपला फुटका फोन काढून तिच्या मांडीवर ठेवला. त्यावर लिहिलेलं होतं की खातं दुसऱ्या फोनवर उघडलं आहे, इथे सुरू करायचं तर ई-मेलवर आलेला कोड टाका.

"माझ्या नावाने आलाय हा, माझ्याकडून नाही," तोफ म्हणाली. कधी नव्हे ते हळू बोलत होती. "माझ्या फोनवर कालपासून काहीच नाही."

"खोटं बोलतेय," ड्रायव्हर म्हणाला.

धाकटी बराच वेळ आपल्याच फोनकडे बघत राहिली. मग तिने ती करडी ओळ शोधून काढली, खूण बदलल्याची. शेजारी वेळ होती, भर दुपारची. तिने ती नवऱ्याला दाखवली. मग दोन्ही हात पुढे केले, चिमटीत धरल्यासारखी बोटं मिटली आणि हात सावकाश पुढे सरकवले. पुन्हा तेच केलं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा मला कळलं. चादर. त्या वेळी दोघी रोलरवर होत्या, एक टोक तिच्या हातात, दुसरं तोफेच्या, आणि दोघींचे फोन लॉकरमध्ये. तेव्हा कोणी दुसऱ्या फोनवर खातं उघडलं असेल तर ते तोफेने नव्हे.

"कोड कुठे येतो तुमचा?" ड्रायव्हरने विचारलं.

"लाँड्रीच्या पेटीत."

तो खाली बसला. दोन्ही हातांनी स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायला लागला. तोफेने त्याचे हात धरले नाहीत. "ते नंतर कर," ती म्हणाली. "अजून वाचतायत ते आपल्याला."

हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तो खोटा फोन अजून ग्रुपमध्येच होता. कोणीही ग्रुपमधून बाहेर पडायचं नाही, कोणी काही कळल्याचं दाखवायचं नाही, असं तिने तोंडी सगळ्यांकडे पोचवलं. तिचं स्वतःचं खातं तर गेलेलं. म्हणून तिने धाकटीचा फोन घेतला आणि कॉटवर बसून धाकटीच्या नावाने लिहिलं. उद्या दुपारी जुन्या सुकवण शेडमध्ये या, फक्त बायका, म्हाताऱ्याच्या खुनाचे फोटो आहेत माझ्याकडे, ते कोणाला द्यायचे ते ठरवू. मी बघत होते. पाठवायच्या आधी तिने ते बहिणीला दाखवलं. धाकटीने वाचलं आणि डोळे मिटून घेतले. हो म्हणाली की नाही, मला सांगता येणार नाही.

सुकवण शेड वापरात नव्हती. आत वाळत घालायच्या तारा अजून ताणलेल्या होत्या. आम्ही त्यांवर फाटक्या चादरी टाकल्या आणि त्यांच्या मागे उभे राहिलो. बाप्ये पुढे, बाया मागे, माझा हात गळ्यात बांधलेला. हातांत ट्रॉल्यांचे दांडे. तोफेने आधीच बजावलं होतं, "हातपाय मोडा. डोक्याला हात लावायचा नाही. मला त्याच्या तोंडून कबुली हवीय."

मुकादम आला, सोबत गल्लीतलेच चौघे. बायकाच असणार म्हणून हसत आत शिरले. दार मागून लागलं.

ते जे झालं ते मला नीट सांगता येत नाही. चादरी तुटून अंगावर पडत होत्या, त्यांच्याखाली कोण आहे ते न बघता लोक मारत होते. एक चादर जमिनीवर गुंडाळल्यासारखी वळवळत होती, तिच्यावर चौघे दांडे घालत होते. मी पण मारलं. चांगल्या हाताने. कोणाला, माहीत नाही. आणि बरं वाटलं, हेही खरं.

मुकादम गुडघ्यांवर आला. "मॅनेजरने सांगितलं! कॉम्प्युटरवाल्याने फोन उघडून दिला!" असं तो ओरडला. सगळ्यांनी ऐकलं. कबुली मिळाली होती. तोफेने हात वर केला, "बस!" म्हणाली, तिच्या त्या आवाजात. सगळे थांबले. ड्रायव्हर थांबला नाही. त्याने दांडा मुकादमाच्या तोंडावर आणला, जिथे धाकटीला लागलं होतं तिथेच, आणि आणतच राहिला. तोफ त्याच्या पाठीवर लटकली, त्याने कोपराने तिला उडवलं. ती पुन्हा आली. दोघे रक्तात घसरून पडले तेव्हा कुठे दांडा सुटला. मुकादमाचा एक पाय बराच वेळ हलत होता. मग तोही थांबला.

कोर्टात दोन्ही प्रकरणं एकत्र चालली. सरकारी वकिलाने पहिला निरोप वाचून दाखवला आणि म्हणाला की खातं हिचं, पत्ता हिचा, म्हणजे लोकांना गल्लीत बोलावलं हिनेच. मग कॉम्प्युटरवाल्याला उभं केलं. आधी त्याने मला काही ठाऊक नाही असं सांगितलं. तोफ पिंजऱ्यातून ओरडली, "म्हातारा मेला रे तुझ्या त्या कोडाने!" न्यायाधीशांनी तिला गप्प केलं. पण तो माणूस तिथे उभ्या उभ्या रडायला लागला आणि सगळं सांगून टाकलं. न्यायाधीशांनी विचारलं, की निरोप कुलूपबंद असताना हे झालंच कसं?

"कुलूप मोडलंच नाही साहेब," तो म्हणाला. "अॅपला माणूस ओळखता येत नाही. या पत्त्यावर पाठवलेला कोड ज्याने परत टाकला तो या पत्त्याचा मालक, एवढंच त्याला कळतं. पेटी माझ्या हातात होती. मी टाकला."

मॅनेजरला शिक्षा झाली. कॉम्प्युटरवाल्यालाही, थोडी.

मग दुसरा निरोप निघाला. तो धाकटीच्या फोनवरून, धाकटीच्या पत्त्यावरून, धाकटीच्या नावाने गेला होता. वकील म्हणाला, म्हणजे सुकवण शेडचा बेत हिचा. धाकटी बाकावर, जबड्यावर पुन्हा शस्त्रक्रिया होऊन नव्याने तारा घातलेल्या. तोफ उठून उभी राहिली.

"ती झोपली होती," ती म्हणाली. "फोन तिचा, नाव तिचं, बोटं माझी. आत्ताच तुम्हाला हा माणूस सांगून गेला ना, नाव म्हणजे माणूस नव्हे? ऐकलंत की नाही?"

धाकटी डोकं हलवत होती, जोरजोरात. तिला काय म्हणायचंय ते कोणाला कळलं नाही, किंवा कोणी कळून घेतलं नाही. मला साक्षीला बोलावलं तेव्हा मीही सांगितलं, झोपली होती.

ड्रायव्हरला जन्मठेप झाली. तोफेला सात वर्षं. निकाल ऐकल्यावर तिने एवढंच विचारलं, की रोलरवरच्या तारेचं काय झालं? कोणाला माहीत नव्हतं.

सुटून आल्यापासून ती धाकटीकडे राहते. धाकटीचं बोलणं अजून बोबडं आहे, तिचं म्हणणं तोफेलाच नीट कळतं आणि तीच ते ओरडून दुसऱ्यांना सांगते. लाँड्री केव्हाच बंद पडली. दोघी एका खानावळीत भांडी घासतात. भेटीच्या दिवशी दोघी मिळून तुरुंगात जातात. धाकटी आत जाते. तोफ बाहेरच्या बाकावर बसून राहते. त्याने एकदा निरोप पाठवला होता, ताईंना म्हणावं एकदा आत या, पाया पडायचंय.

"त्याला म्हणावं, पाया नकोत," ती धाकटीला म्हणाली. "वरचे दोन दात परत दे म्हणावं, मग बघू."

धाकटी हसली. हसताना तिचा जबडा एका बाजूला सरकतो. मग ती पिशवी घेऊन आत गेली.